पाचवी बाई

डिंडोली, सुरत
७ जुलै २०२५

प्रिय फुई,

साष्टांग नमस्कार.

मिळाली! परवानगी मिळाली! दोन वर्षं मी आमच्या विभागप्रमुख धनश्री मॅडमच्या कानाशी भुणभुण करत होते, शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "घे बाई, दहा शनिवार घे आणि मला सोड."

तू म्हणशील कसली परवानगी, कसले शनिवार. सांगते. डॉक्टर होणाऱ्या पोरांना आम्ही हाडं शिकवतो, औषधं शिकवतो. पण रुग्ण दारातूनच परत गेला तर? त्याच्या वतीनं कोणी बोलायचं? बायका लाजून परत जातात. किन्नर, ट्रान्स माणसं तर फाटकाच्या आतही येत नाहीत. अशांच्या बाजूनं उभं राहायला, वरिष्ठांशी बोलायला, दवाखान्याचे नियम बदलून घ्यायला शिकवायचं, असा हा माझा वर्ग. तिसऱ्या वर्षाची चोवीस मुलं-मुली. पहिला तास २६ तारखेला.

मॅडमची अट मात्र कडक आहे. दहाव्या शनिवारच्या आत, दारातून परत जाणारा एक तरी माणूस या मुलांमुळे आत येऊन उपचार घेतलेला दिसला पाहिजे. एक! नाहीतर पुढच्या वर्षी ते तास आकडेवारीच्या उजळणीला. बोल आता.

म्हणून तुला दोन कामं. पहिलं, चौतीस वर्षं तू उपकेंद्रावर नर्स होतीस. बायका डॉक्टरला काय सांगत नाहीत ते मला लिहून पाठव. तुझं नाव न सांगता वर्गात वाचीन. दुसरं, तू स्वतः ये. सख्खी आत्या असून दोन वर्षं झाली, तू सुरतेला पाय ठेवला नाहीस. आई रोज विचारते.

आणि हो, पत्रानंच कळव. गुजराती शाळेत जाणाऱ्या पोरीचं मराठी बिघडू नये म्हणून तूच ही सवय लावलीस ना? आता भोग!

तुझी,
योगिता


पारोळा
१५ जुलै २०२५

चि. योगिता,

अनेक आशीर्वाद.

माय वं, केवढं ते ओरडणं! पाकीट उघडलं आणि तुझा आवाज शेजारी गेला असेल. बरं झालं पत्र लिहिलंस. फोनवर आमच्या घरात बोलायची सोय नाही. सूनबाई उज्ज्वला चांगली आहे, पण तिचे कान स्वयंपाकघरातून ओट्यापर्यंत पोचतात.

बोलायला शिकवतेस ते छान. पण पोरांना आधी तोंड मिटायला शिकव. डॉक्टर लोक प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात.

तू मागितलंस ते लिहिते. बाई "कंबर दुखते" म्हणाली, तर कंबर सोडून बाकी सगळं विचारावं. अंगावरून पांढरं जात असतं, खाज असते, पण तोंडातून कंबरच निघते. दुसरी, तांबी बसवून घेते आणि नवऱ्याला पत्ता लागू देत नाही. तिच्या कागदावर मोठ्या अक्षरात काही लिहू नये, घरी तो कागद कोण वाचेल सांगता येत नाही. तिसरी, तुमच्या सुरतेहून येते. कारखान्यात संडासला दार नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाही, मग लघवीला आग. तिला "भरपूर पाणी प्या" सांगून काय उपयोग? चौथी, "दारात पडले" म्हणते. दार काय रोज उठून मारतं का?

पाचवी एक आहे. तिचं अंग बाहेर येतं. खाली वाकून लसीचा डबा उचलला की येतं, खोकलं की येतं. जुन्या सुती पातळाची घडी बांधून दिवस काढते. बसमध्ये मागे तर बसताच येत नाही, खड्डा आला की डोळ्यांत पाणी. लग्नकार्यात पंगतीत बसत नाही, वाढायला उभी राहते, लोक म्हणतात किती कामाची बाई. ती कोणालाच सांगत नाही. असो. सहावी म्हणजे म्हातारी, जिला कोणी विचारतच नाही.

एवढं पुरे. सुरतेचं म्हणशील तर माझा गुडघा सध्या साथ देत नाही. दिवाळीनंतर बघू. तुझ्या आईला सांग, फुई रुसलेली नाही.

तुझी,
सुषमा फुई


डिंडोली, सुरत
२८ जुलै २०२५

प्रिय फुई,

नमस्कार. काय वर्ग झाला म्हणून सांगू!

आदल्या आठवड्यात मी सगळ्यांना पांढरा कोट काढून आमच्याच दवाखान्यात केस पेपरच्या रांगेत उभं केलं होतं. मयुरी म्हणून एक नांदेडकडची मुलगी आहे, वर्गात तिच्यापुढे माझंही चालत नाही. ती दीड तास उभी राहिली. खिडकीवरच्या माणसानं सगळ्या रांगेसमोर मोठ्यांदा विचारलं, "शुं तकलीफ छे?" आणि आमची ही वाघीण म्हणाली, "ताव!" ताव म्हणजे ताप! तिला पाळीचं दुखणं सांगायचं होतं. "मॅडम, मी डॉक्टर होणार आहे आणि मीच खोटं बोलले," असं म्हणून रडायला लागली, मग हसायला लागली, मग सगळेच.

त्यानंतर तुझं पत्र वाचलं. एका निवृत्त नर्सचं आहे एवढंच सांगितलं. दार रोज उठून मारतं का, हे वाक्य तर मुलांनी फळ्यावर लिहून ठेवलंय.

आणि मग किरण बोलला. त्याला मी वर्गात पाहुणा म्हणून बोलावलं होतं. मयुरीच्या गल्लीत राहतो, सव्वीस वर्षांचा, मूळचा आपल्याच बाजूचा, शिंदखेड्याचा. पर्वत पाटियाजवळच्या गोडाऊनमध्ये साड्यांच्या घड्या घालतो. जन्माला आला तेव्हा घरच्यांनी मुलगी म्हणून बारसं केलं, पण तो मुलगाच आहे, तसाच राहतो, तसाच दिसतो. तो म्हणाला, "महिन्यातले बारा दिवस रक्त जातं. उभ्यानं काम, दुपारी अंधारी येते. तीनदा तुमच्या दवाखान्यात आलो. बायकांच्या विभागाच्या दारात वॉचमन म्हणतो, भाई, पुरुषांनी बाहेर थांबायचं. मी थांबतो. मग घरी जातो."

लगेच सगळे उठले! पोस्टर करू, पथनाट्य करू, मोर्चा काढू! मयुरी तर बाकावरच चढली. मागून महेश नावाचा मुलगा हळूच म्हणाला, "किरणभाई, तुम्हाला काय हवंय?" हा महेश कधी बोलत नाही, त्याचे वडील पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या मिलमध्ये आहेत. किरण म्हणाला, "आत बसायला जागा. आणि माझं नाव, माझं दुखणं कोणी ओरडून सांगू नये." बास. एवढंच!

आता मला आमचा एक माणूस सापडलाय, फुई. किरण आत गेला की आम्ही जिंकलो.

तास संपल्यावर महेशनं पत्र लिहिणाऱ्या नर्सचा पत्ता मागितला. त्याला काही विचारायचं होतं म्हणे. मी दिला. चालेल ना?

ये ना गं. गुडघ्याला आमच्याकडे डॉक्टर आहेत की.

तुझी,
योगिता


पांडेसरा, सुरत
४ ऑगस्ट २०२५

आदरणीय सिस्टर,

सादर नमस्कार. मी महेश. योगिता मॅडमच्या वर्गात आहे. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर माफ करा.

तुमचं पत्र मी मॅडमकडून मागून घेऊन पुन्हा वाचलं. मॅडमनी आम्हाला शिकवलं आहे की रुग्ण काय सांगतो ते जसंच्या तसं ऐकायचं, आपल्या मनानं गाळायचं नाही. म्हणून पाचव्या बाईजवळ मी अडकलो. बाकीच्या पाच जणी कारखान्यात, घरात आहेत. पाचवी लसीचा डबा उचलते. माझी आई पाण्याचे हंडे उचलते, शेजारच्या बायका साड्यांचे गठ्ठे उचलतात. लसीचा डबा फक्त सिस्टर उचलतात.

माझा अंदाज चुकीचा असेल तर हे पत्र फाडून टाका आणि मला मूर्ख म्हणा. बरोबर असेल तर त्या बाईंना एवढं सांगा, की यावर उपाय आहे. आधी तपासतात, मग आतून आधार देणारी रिंग बसवतात किंवा ऑपरेशन करतात. वय झालं म्हणून सहन करायची गरज नाही.

मी हे कोणाला सांगितलेलं नाही. मॅडमनाही नाही. सांगायचं की नाही ते त्या बाईंचं आहे.

आपला नम्र,
महेश


डिंडोली, सुरत
२५ ऑगस्ट २०२५

प्रिय फुई,

महिना होत आला, तुझं उत्तर नाही. असं कधी झालं नव्हतं. फोन केला तर उज्ज्वला म्हणते, "आई बऱ्या आहेत, पण बोलायचं नाही म्हणतात."

स्पष्टच विचारते. किरणवरून राग आला का? "असल्या" माणसाला वर्गात बोलावलं म्हणून? तू तशी नाहीस असं मी छातीठोकपणे मुलांना सांगितलंय. मला खोटं पाडू नकोस.

इकडे खूप काही घडलंय आणि सांगायला तू नाहीस म्हणून जीव नुसता तडफडतोय. मुलांनी अधीक्षकांची भेट घेतली! मयुरीनं बोलायचं असं ठरलं होतं. आदल्या दिवशी तिनं मला सतरा वेळा म्हणून दाखवलं. अधीक्षक म्हणाले, "ही तर इथली पद्धत आहे." मयुरी म्हणाली, "साहेब, तुम्ही एकदा रांगेत उभे राहून तुमचा त्रास ओरडून सांगा, मग आम्ही परत जातो." मी डोळेच मिटले! पण साहेब हसले गं! एक सप्टेंबरपासून करायचं काम त्यांनी वीस ऑगस्टलाच सुरू केलं. आता नाव पुकारत नाहीत, टोकनचा नंबर. त्रास काय ते खिडकीवर विचारत नाहीत. बायकांच्या विभागात ज्याच्याकडे टोकन त्याला आत बाक, मग तो कसाही दिसो. पंडित म्हणून वॉचमन आहे, त्याला मुलांनी समजावलं, तर तो म्हणतो, "मला आधीच कोणी सांगितलं असतं तर मी काय कोणाचा वैरी आहे?"

सगळं केलं. एकवीस तारखेला किरण आला. टोकन सदतीस. महेश बरोबर होता, पण जरा पाणी आणायला गेला. नंबर तीनदा पुकारला आणि किरण बाकावर नव्हता. टोकन तिथंच ठेवून गेलेला. आजूबाजूच्या बायका बघत होत्या म्हणे. बाहेर तपासून घेतलं होतं, त्याचं हिमोग्लोबिन सहावर आलंय, फुई. सहा! मुलांची तोंडं बघवत नाहीत. दार उघडलं तरी माणूस आत येत नाही, याला काय करायचं ते मला कोणत्याच पुस्तकात सापडत नाही.

रागावलेली असशील तर रागावून लिही. पण लिही.

योगिता


पारोळा
३० ऑगस्ट २०२५

चि. योगिता,

आशीर्वाद.

राग? अगं वेडे, किरणवर कशाला रागावू? त्या पोरानं माझं काय घोडं मारलंय? चौतीस वर्षांत त्याच्यासारखं कोणी माझ्याकडे आलं नाही असं लिहिणार होते. मग वाटलं, आलं असेल आणि मी ओळखलं नसेल. याची लाज वाटली, राग नाही.

राग तुझ्या त्या महेशचा आला. त्यानं मला काय लिहिलं ते तुला सांगितलं नाही ना? नसेलच. काल मिसरूड फुटलेलं पोरगं आणि मला रुग्ण ठरवतं! पत्र फाडायला घेतलं. मग घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं. मग पुन्हा काढलं. अकरा वेळा वाचलं असेल.

पाचवी बाई मीच आहे, योगिता.

नऊ वर्षं झाली. निवृत्तीच्या आधीच सुरू झालं होतं. सायकलवरून उतरताना एकदा जाणवलं, मग लसीचा डबा उचलताना, मग रोजच. गुडघा बिडघा काही नाही, गुडघे धडधाकट आहेत माझे. बसमध्ये बसवत नाही म्हणून सुरतेला येत नव्हते. तुझ्या आईला वाटतं मी रुसले.

तू म्हणशील, नर्स असून? नर्स म्हणूनच गं. गावातल्या प्रत्येक बाळंतिणीला मी सांगितलं, जड उचलू नको, विश्रांती घे. आणि माझंच असं झालं, हे कोणत्या तोंडानं सांगू? एकदा हिय्या करून एका दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले होते. समोर उसाचा रस प्यायले आणि परत आले. त्यामुळे ते सदतीस नंबरचं टोकन ठेवून तो पोरगा का गेला, ते मला तुमच्या सगळ्या डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं.

आता ऐक. त्याला माझं नाव सांग. माझं दुखणंही सांग, मी परवानगी देते. म्हणावं, पारोळ्याची एकसष्ट वर्षांची सुषमा सोमवारी, आठ तारखेला तुमच्या त्या बाकावर बसणार आहे. तिला एकटीला आत जायची भीती वाटते. तू शेजारी बसशील का? तू उठलास तर मीही उठेन, आणि मग दोघं रस प्यायला जाऊ.

अमळनेरहून रेल्वेगाडीनं येते. गाडीत उभं राहता येतं. उज्ज्वला बरोबर येणार आहे. पितृपक्षात दवाखाना नको म्हणत होती, मग कारण विचारत बसली. सगळं सांगितलं. ऐकून एकदम गप्प झाली. तिला बहुतेक किळस आली असावी. येऊ दे.

सुषमा फुई


डिंडोली, सुरत
४ सप्टेंबर २०२५

फुई,

तुझं पत्र जिन्यात वाचलं आणि जिन्यातच बसले. नऊ वर्षं! आणि मी तुला गुडघ्याचे व्यायाम पाठवत होते. कसली गं मी डॉक्टर. मोठमोठी भाषणं करते, की रुग्णाचं ऐका, आणि माझ्या फुईचं पत्र मी स्वतःच्या तोंडानं वाचलं तरी मला ऐकू आलं नाही. महेशला ऐकू आलं. त्याच्याशी जाऊन घट्ट हात मिळवला, तर तो लाजून पळाला.

किरणला सांगितलं. मग त्यानं माझ्याच वहीचं पान फाडून हे लिहून दिलं, सोबत ठेवते. ये गं लवकर! मी, आई, सगळे वेड्यासारखे वाट बघतोय.

योगिता

"मावशी, मी उधना स्टेशनवर घ्यायला येतो. पिवळा शर्ट. सामान तुम्ही उचलायचं नाही. बाकावर आधी तुम्ही बसा, मग मी. किरण."


वॉर्डातून, सुरत
२६ सप्टेंबर २०२५

चि. योगिता,

एकाच इमारतीत असून पत्र लिहिते आहे, कारण उद्या तुझा दहावा शनिवार आणि टाके सुकेपर्यंत मला उठू देत नाहीत. हे वर्गात वाच. या वेळी नावासकट वाच. सुषमा भगवान पाटील, निवृत्त आरोग्यसेविका. धनश्री मॅडमना पुढच्या बाकावर बसव.

मुलांनो, आठ तारखेच्या सोमवारी काय झालं ते तुमच्यातल्या एकालाच माहीत आहे, आणि तो सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

माझं टोकन बारा, किरणचं तेरा. एक बाई त्याच्याकडे टक लावून बघायला लागली, तसा तो उठायला लागला. मी त्याचा पिवळा शर्ट धरला आणि त्या बाईला म्हटलं, "माझा भाचा आहे, काय बघतेस? तुझं कंबरेचं बघ." ती बाई ओशाळली, आणि दोन मिनिटांनी तिनं आम्हाला शेंगदाणे दिले.

आत गेले. बाई डॉक्टर होत्या, त्यांच्या बाजूला महेश. त्यानं विचारलं, "सिस्टर, काय त्रास होतो?" मी म्हटलं, "गुडघा."

हो! इतक्या लांबून येऊन, सगळं ठरवून, तोंडातून गुडघाच निघाला. तो काही म्हणाला नाही. त्याला सगळं ठाऊक होतं, तरी माझ्या वतीनं तो बोलला नाही. पेन खाली ठेवलं आणि बसून राहिला. बाहेर रांग होती, कोणी दारातून डोकावलं, तरी तो बसून राहिला. मग मी सांगितलं. सगळं. रडत रडत सांगितलं. चौतीस वर्षं मी बायकांना विचारलं, "काही त्रास?" आणि त्या तोंड उघडायच्या आत पुढचं नाव पुकारलं. किती जणी तशाच परत गेल्या असतील, देव जाणे.

माझं ऑपरेशन या सोमवारी झालं, छान झालं. किरणचं त्याला विचारूनच लिहिते, त्याला दोन बाटल्या रक्त चढवलं. गाठ आहे, साधी आहे, औषध सुरू आहे. पुढचं ऑपरेशन करायचं की नाही ते तो स्वतः ठरवणार आहे. काल मला भेटायला आला तेव्हा गालांवर रंग दिसला. तेव्हा मॅडम, एक मागितला होता, दोन घ्या.

आता शेवटचं. हे वाचायला माझी सून उज्ज्वला स्वतः हो म्हणाली आहे. आज सकाळी ती माझे केस विंचरत होती. फणी थांबली. म्हणाली, "आई, मलाही आहे."

मी विचारलं, "काय?"

"तुमचं जे होतं ते. धाकट्याच्या बाळंतपणापासून."

धाकटा चार वर्षांचा आहे. चार वर्षं एका घरात, एका चुलीपाशी, मी तिच्यापासून लपवत होते आणि ती माझ्यापासून. मी नर्स, आणि माझ्या समोर ती पाण्याचे हंडे उचलत होती. मी सांगितलं तेव्हा ती गप्प झाली, ती किळस नव्हती. मी तिला म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुम्ही विचारलं नाही."

येत्या सोमवारी तिचा केस पेपर काढायचा आहे. महेश, तू असशील तर पेन खाली ठेव. ती बोलायला माझ्याहून जास्त वेळ घेते.

तुमची,
सुषमा सिस्टर